अठरा दिवसांची पेटी

प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या घाऊक दुकानात
यादी ठेवली काउंटरवर, तर पोऱ्याने विचारलं,
"दवाखाना टाकताय का काकू?"
होडी, म्हटलं. छत्तीस फुटी. तीन माणसं.
पौष सरता सरता निघायचं, ईशान्येचा वारा धरून,
सेशेल्सपर्यंत अठरा दिवस,
वाऱ्याने शब्द पाळला तर.
त्याने मान वर केली नाही.
"भाजल्याच्या मलमाच्या ट्यूबा किती?"

डॉक्टर तळपद्यांनी गिरगावातल्या दवाखान्यात
दोन रविवार शिकवलं.
मोसंबीला इंजेक्शन. कोंबडीच्या तंगडीला टाके.
माझे टाके सरळ येतात, जन्मभर ब्लाउज शिवलेत,
पण कातडी कापडासारखी ऐकत नाही,
सुई शिरताना क्षणभर नको म्हणते.
"दात," ते म्हणाले, "दात विसरतात सगळे.
आणि लघवी अडली तर?"
नळी दाखवली. पेसीने खिडकीबाहेर पाहिलं.
"नवव्या दिवशी मागे फिरणं आणि पुढे जाणं
सारखंच लांब. हेलिकॉप्टर येत नाही तिथं.
फोन लागला तर मी आहे.
नाही लागला तर तुम्ही."

डबे घरी भरले, माझगावात, जेवणाच्या टेबलावर.
चिवड्याचे, शेवेचे, घट्ट झाकणाचे जुने डबे,
धुऊनही हिंगाचा वास न सोडणारे.
औषधांची लांबलचक नावं आत राहू दिली.
मध्यरात्री, टॉर्च दातात धरून,
कुणाला आठवणार कुठल्या गोळीचं आडनाव काय?
जे ओरडलं जाईल तेच बाहेर लिहिलं:

कापलं.
भाजलं.
वांत्या.
दाढ.
डोळ्यात काहीतरी.
थांबतच नाही.

पेसी म्हणाला, शेवटचा डबा मोठा घे.

मग तळपद्यांनी दिलेला गृहपाठ:
ज्याने त्याने आपले आजार कागदावर लिहायचे,
न लाजता, आणि पाकीट पेटीत ठेवायचं.
बेशुद्ध माणसाला विचारता येत नाही.
पेसीने तीन पानं लिहिली, त्यातलं दीड मूळव्याधीवर.
मी लिहिलं: गर्भाशय काढलंय. सल्फा चालत नाही.
उजवा खांदा, आणि पुढचं खोडलं.
विद्याधरचं पाकीट चिकटलेलं नव्हतं.

छातीत, डावीकडे, जिना चढताना. मार्चपासून.
शैलजाला माहीत नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
मार्चपासून हा माणूस जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून
मला समुद्र दाखवत होता,
गोदीच्या दोन क्रेनांमधून दिसतो तेवढा,
आणि मी समजत होते, होडीचं वेड.
"काय रे?"
"काही नाही. बघ, भरती आहे."
कितीदा तरी ओहोटी असायची.

त्या रात्री पुन्हा टेबलापाशी बसले.
ॲस्पिरिन, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या,
रात्री अकराला तळपद्यांना उठवून विचारलेलं बाकीचं,
सगळं केशराच्या लहानशा डबीत बसलं.
पट्टीवर लिहिलं: काही नाही.

सकाळी तो दाढी करून आला, चहा घेतला,
डब्या सरकवत सरकवत तिथवर पोचला.
वाचलं. हलवून आतला आवाज ऐकला.
"मंगळवारी तपासणी आहे," मी म्हणाले,
"नापास झालास तर मी आणि पेसी जाऊ."
हे खोटं होतं, आणि दोघांनाही ते कळत होतं.
"ही वर ठेव," तो म्हणाला, "हाताशी."
मग चष्मा पुसत,
"तुझं पाकीटही उघडंच होतं.
खांद्यापुढे काय खोडलंस?"

"काही नाही," मी म्हणाले,
आणि तो आणखी एक पट्टी कापायला
कात्री शोधू लागला.